वाट पाहू नका, मुलाशेजारी बसा : स्वमग्नतेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मुलांच्या उशिरा बोलण्याविषयी लिहिले होते. त्यावर बडोद्यातून आणि आसपासच्या गावांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक स्वमग्नतेविषयी, म्हणजे ऑटिझमविषयी, आणि लहान वयात सुरू करायच्या वर्तन-उपचाराविषयी, म्हणजे हवे ते कौशल्य लहान लहान पायऱ्यांनी शिकवण्याच्या पद्धतीविषयी, आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळून त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. एका मुलाला लागू पडलेले उत्तर दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. म्हणून आपल्या मुलाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे आणि थेरपिस्टचे मत या उत्तरांपेक्षा वरचे मानावे.

प्रश्न : माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. दीड वर्षाचा होईपर्यंत तो ‘आई’, ‘बाबा’, ‘पाणी’ म्हणत असे. नंतर ते शब्द हळूहळू गेले. नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, पण बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज आला की धावत येतो. काही हवे असले की माझा हात धरून तेथे नेतो; बोटाने दाखवत नाही. डब्यांची झाकणे मात्र कितीही वेळ फिरवत बसतो. बालरोगतज्ज्ञांनी तपासणी करून घ्या म्हणून सांगितले आहे, पण सासूबाई म्हणतात की याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलू लागले, मुलगे उशिराच बोलतात. तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे का?
— एक आई, कारेलीबाग

उत्तर : थांबू नका. सासूबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. काही मुले खरोखर उशिरा बोलतात आणि पुढे त्यांचे सगळे सुरळीत होते. पण अशी मुले शब्दांवाचूनही घरातल्यांशी सतत बोलत असतात. वर विमान दिसले की बोट दाखवून आईच्या तोंडाकडे पाहतात, हाकेला वळतात, टाटा करतात, रिकाम्या कपातून खोटा खोटा चहा पाजतात. तुमच्या पत्रातील तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे मला काळजी वाटते : आलेले शब्द गेले, बोट दाखवणे नाही आणि हाकेला प्रतिसाद नाही. आलेले शब्द जाणे हे तर कोणत्याही वयात मुलाला लगेच तज्ज्ञांकडे नेण्याचे कारण आहे.

पहिल्यांदा कानांची तपासणी करून घ्या. पुड्याचा आवाज ऐकू येतो म्हणून ऐकणे पूर्ण ठीक आहे असे धरून चालू नये. काही विशिष्ट स्वरच ऐकू न येणारी मुलेही असतात. लहान मूल सांगून चाचणी देत नाही, म्हणून झोपेत करायची ‘बेरा’ ही चाचणी लिहून देतात. तिला घाबरण्याचे काही कारण नाही. स्वमग्नतेची स्वतःची अशी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नाही. प्रशिक्षित व्यक्ती मुलाचे खेळणे, पाहणे, मागणे यांचे निरीक्षण करून आणि पालकांना विचारून निदान करते. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ नावाची २० प्रश्नांची प्राथमिक चाळणी जगभर वापरली जाते आणि तुमचा मुलगा त्या वयात बसतो. तिच्यावरून निदान होत नाही, पण पुढची तपासणी किती तातडीची आहे ते कळते. खासगी तपासणी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, म्हणजे आरबीएसकेखाली, २०१३ पासून जिल्हा पातळीवर जी त्वरित हस्तक्षेप केंद्रे सुरू झाली, त्यांची चौकशी सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात करावी.

तीन वर्षांपर्यंत का थांबू नये, याचे कारण सांगते. सामान्य मूल भाषा शिकते ती कोणी शिकवायला बसते म्हणून नव्हे. दिवसभरात शेकडो वेळा ते आईच्या नजरेमागे नजर नेते, आई जे पाहते तेच पाहते आणि त्याच क्षणी आई त्या वस्तूचे नाव घेते. ज्या मुलाची नजर आपण होऊन माणसांकडे वळत नाही, त्याचे हे सगळे धडे रोज बुडतात आणि मागे पडण्याचे अंतर महिन्यागणिक वाढत जाते. मेंदूतील जोडण्या याच वर्षांत सर्वांत वेगाने घडत असतात, म्हणून हे धडे वेगळ्या वाटेने मुलापर्यंत पोहोचवण्याचे काम याच वयात अधिक फळते. पुढे समजा स्वमग्नता नाही असे निष्पन्न झाले, तरी मुलाबरोबर खेळण्यात गेलेल्या महिन्यांनी त्याचे काहीच बिघडणार नाही.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत रिकामे बसू नका. आपल्याकडे बहुतेक घरांत झोपाळा असतो, त्यावरच सुरुवात करता येईल. मुलाला झोपाळ्यावर बसवून तुम्ही त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. पाच-सहा झोके द्या आणि झोपाळा धरून ठेवा. ‘एक, दोन’ म्हणा आणि थांबा. तो तुमच्याकडे क्षणभर पाहील, पाय हलवेल किंवा ‘अं’ करेल. त्यातले काहीही घडताच ‘तीन’ म्हणून झोका सोडा. पाहण्याचा, आवाज करण्याचा उपयोग होतो, माणसाकडून हवे ते मिळते, हे त्याला त्यातून कळू लागते. दिवसातून चार-पाच वेळा, त्याला गोडी असेल तेवढाच वेळ हे करा. घरातला टीव्ही आणि मोबाइल त्याच्यासमोरून बाजूला ठेवा. मोबाइलमुळे स्वमग्नता होते असे नाही. पण दोन वर्षांखालील मुलाला पडदा नकोच आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एका तासापेक्षा अधिक नको, हा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला अशा मुलांच्या बाबतीत अधिकच कसोशीने पाळावा.

सासूबाईंना तपासणीला बरोबर घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले घरात अधिक मानले जाते आणि झोपाळ्यावर त्याच्याशी खेळायला त्यांच्याइतका वेळ कदाचित कोणाकडेच नसेल.

प्रश्न : माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीचे नुकतेच निदान झाले. एका केंद्राने सांगितले की आठवड्याला ४० तास एबीए केले तरच ती ‘नॉर्मल’ होईल. इतका खर्च आम्हाला झेपणार नाही आणि आम्ही दोघेही नोकरी करतो. एबीए म्हणजे नेमके काय? तासांत काटकसर केली तर आम्ही मुलीचे नुकसान करतो आहोत का?
— एक वडील, मांजलपूर

उत्तर : ४० तासांचा आकडा कोठून आला ते आधी पाहू, कारण बडोद्यातलेच नव्हे तर देशभरातले कितीतरी पालक त्या आकड्याखाली दबून गेलेले मी पाहते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ओले इव्हार लोवास यांनी १९८७ मध्ये लॉस एंजेलिस येथील कामाचा अहवाल प्रसिद्ध केला. चार वर्षांखालील १९ मुलांना त्यांनी दोन किंवा अधिक वर्षे, आठवड्याला सुमारे ४० तास, एबीएच्या रीतीने, एकास एक असे शिकवले. त्यांपैकी ९ मुले पुढे साधारण बुद्ध्यंकासह नेहमीच्या शाळेच्या पहिल्या वर्गात गेली. तुलनेसाठी घेतलेल्या ४० मुलांत असे एकच मूल होते. या मुलांना काही शिकवता येत नाही असे मानण्याच्या त्या काळात हा निष्कर्ष फार मोठा होता आणि त्याचे श्रेय लोवास यांना द्यायलाच हवे. पण कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते, त्यामुळे ती तुलना पक्की धरता येत नाही, आणि ओरडण्याचा व मांडीवर चापट मारण्याचाही वापर त्या उपचारात होता, जो आज कोणत्याही चांगल्या केंद्राने करू नये. पुढे २०१८ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अशा सखोल वर्तन-उपचारावरील अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे पाचच अभ्यास मिळाले आणि त्यांतला एकच चिठ्ठ्या टाकून केलेला होता. फायदा दिसतो, पण पुरावा भक्कम नाही, असे त्यांचे मत पडले.

आता तासांविषयी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांनी लहान मुलांसाठी खेळातून शिकवण्याची ‘अर्ली स्टार्ट डेन्व्हर’ पद्धत तयार केली. तिच्या चाचणीत १८ ते ३० महिन्यांची ४८ मुले होती. चाचणीचा निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर, आठवड्याला सुमारे २० तासांच्या योजनेत असलेल्या मुलांच्या विकासगुणांकात, म्हणजे वयाच्या मानाने झालेल्या विकासाच्या मापात, सरासरी १७.६ गुणांची वाढ झाली, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ७ गुणांची. रॉजर्स यांच्याच २०२१ च्या अभ्यासात ८७ लहान मुलांमध्ये आठवड्याला १५ तास आणि २५ तास यांची तुलना केली. एकूण प्रगतीत ठळक फरक आढळला नाही. म्हणून ‘४० तास नाहीत तर काहीच नाही’ हे म्हणणे मला मान्य नाही, आणि ‘नॉर्मल करून देतो’ असा शब्द देणाऱ्या केंद्रापासून तुम्ही दूर राहावे असे मी स्पष्टपणे सांगते. काही मुले फार पुढे जातात, काही हळूहळू जातात, आणि चांगले उपचार मिळूनही शाळेच्या वयात चारांतले एक किंवा त्याहून थोडी अधिक मुले फार थोडे शब्द बोलतात. पहिल्या दिवशी कोणालाही हे सांगता येत नाही.

एबीए हे अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिसचे संक्षिप्त रूप आहे; वर्तन-उपचार म्हणतात तो बहुधा हाच. वागण्याच्या आधी काय घडते आणि नंतर काय मिळते हे बारकाईने पाहून हवे ते कौशल्य लहान लहान पायऱ्यांनी शिकवणे, हा त्याचा गाभा. टेबलखुर्चीवर बसवून शंभरदा ‘लाल दाखव’ म्हणणे हे त्याचे एक जुने रूप आहे, एकमेव रूप नव्हे. घरातले उदाहरण घ्या. मुलीला लीलो चिवडा आवडतो असे समजा. तो पारदर्शक बरणीत, झाकण घट्ट लावून, तिला दिसेल पण उघडता येणार नाही असा ठेवा. ती तुमचा हात ओढून बरणीवर ठेवेल. तुम्ही समोर बसा, आई तिच्या मागे बसो. आई काही न बोलता तिचा हात हलकेच उचलून तळवा पुढे करील. तुम्ही ‘दे’ म्हणा आणि लगेच चिमूटभर चिवडा तळव्यावर ठेवा. चिमूटभरच, म्हणजे पुन्हा मागण्याची संधी येते. आठ-दहा वेळा झाल्यावर आईने मनगट सोडून कोपराला आधार द्यावा, मग नुसता स्पर्श, मग काहीच नाही. मदत वेळेवर काढून घेणे हे या कामातले खरे कसब आहे, कारण मदत रेंगाळली तर मूल तिचीच वाट पाहत बसते. हात आपणहून येऊ लागला की ‘द’सारखा कोणताही आवाज स्वीकारा. आवाज येत नसेल तर चिवड्याच्या चित्राचे कार्ड हातात देण्याची सवय लावा. चित्रांमुळे बोलणे मागे पडते ही भीती अनेकांना असते, पण अभ्यासांत तसे आढळलेले नाही. उलट काही मुले कार्ड देता देताच बोलू लागतात. रोज एका कागदावर नोंद ठेवा : किती वेळा आपण होऊन मागितले, किती वेळा मदत लागली. पंधरा दिवसांनी तोच कागद तुम्हाला सांगेल की रीत बदलायची की पुढे जायचे.

हेच मग आंघोळीच्या वेळी ‘पाणी’साठी, बाहेर जाताना ‘चप्पल’साठी, आजीच्या हातून, मावशीच्या घरी करायचे. केंद्रातल्या खोलीत एका ताईकडे मागता येते पण घरी येत नाही, अशी अवस्था फार मुलांची होते, आणि ती टाळणे पालकांच्याच हाती असते. पालकांच्या हातून होणाऱ्या कामाविषयी आपल्या भागातलाच एक पुरावा आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना १२ सत्रांत मुलाच्या कलाने खेळायला व बोलायला शिकवले. मुले आपण होऊन संवाद सुरू करण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले. स्वमग्नतेची मूळ लक्षणे त्याने जातात असा दावा कोणी केलेला नाही, पण नोकरी सांभाळून करता येईल असा हा मार्ग आहे.

तुमच्या जागी मी असते तर आठवड्याला झेपतील तेवढी, समजा आठ-दहा तासांची, चांगली सत्रे घेतली असती आणि त्यांतले निदान एक सत्र मला शिकवण्यासाठी मागितले असते. घरी मदत हवी असेल तर बालविकास शिकणारी एखादी विद्यार्थिनी मिळते का पाहा. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विषय शिकवणारा जुना विभाग आहे. थेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली रोज तासभर खेळणारी अशी व्यक्ती फार मोलाची ठरते. केंद्र निवडताना तीनच गोष्टी पाहा : सत्र चालू असताना पालकांना आत बसू देतात का, मुलीसाठी लिहिलेली उद्दिष्टे आणि नोंदी दाखवतात का, आणि तेथील वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का. दार बंद करून शिकवणाऱ्यांकडे मुलीला पाठवू नका.

प्रश्न : माझा पाच वर्षांचा मुलगा दुकानात चॉकलेट नाही म्हटले की जमिनीवर लोळतो, किंचाळतो, स्वतःचा हात चावतो. नवरात्रात गरब्याला नेले तर तेथेही हेच. थेरपिस्टने ‘दुर्लक्ष करा’ म्हणून सांगितले. तसे करून पाहिले तर प्रकार वाढला. सासरे म्हणतात, दोन फटके दिले की सुधारेल.
— एक आई, रावपुरा

उत्तर : दुकानातले किंचाळणे आणि गरब्यातले किंचाळणे बाहेरून सारखे दिसते, पण त्यांची कारणे निराळी आहेत, म्हणून उपायही निराळे. दुकानात त्याला काहीतरी हवे आहे आणि पूर्वी कधीतरी लोळल्यावर ते मिळालेले आहे. गरब्याच्या मैदानात त्याला काही नको आहे. ध्वनिवर्धकाचा आवाज, दिवे, गर्दी हे त्याच्या कानांना आणि अंगाला सोसत नाही. तेथे दुर्लक्ष करणे म्हणजे ज्याचे खरेच दुखते आहे त्याच्याकडे पाठ फिरवणे. गरब्याला न्यायचेच असेल तर संध्याकाळी लवकर, आवाज वाढण्यापूर्वी, मैदानाच्या कडेला, कानांवर आवाज रोखणारे हेडफोन लावून दहा मिनिटे न्यावे आणि तो शांत असतानाच परत आणावे. एखाद्या वर्षी नेले नाही तरी काही बिघडत नाही.

दुकानाच्या बाबतीत थेरपिस्टचा सल्ला अर्धाच तुमच्यापर्यंत पोहोचला असे दिसते. जे वागणे आजवर फळ देत होते ते अचानक फळ देईनासे झाले की मूल आधी ते अधिक जोराने करते. हा वाढीचा टप्पा अपेक्षितच असतो, पण त्याची कल्पना आधी दिली नाही तर पालक चौथ्या दिवशी हरतात आणि चॉकलेट देतात, आणि मग मूल एवढेच शिकते की आता अधिक वेळ किंचाळावे लागते. राहिलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. लोळण्याऐवजी त्याने काय करावे हे त्याला शिकवले आहे का? ‘नको’, ‘पुरे’, ‘थांब’, ‘मला हवे’ हे सांगण्याचा दुसरा मार्ग, शब्दाने वा कार्डाने, त्याच्याकडे असल्याशिवाय जुना मार्ग बंद करू नये. वाट पाहणे हेही शिकवावे लागते. घरी, आवडती वस्तू हातात धरून ‘थांब’ म्हणा, मनात तीन मोजा आणि द्या. मग पाच, मग दहा. पुढे एखाद्या बागेत मुलांच्या छोट्या आगगाडीच्या रांगेत उभे राहताना तीन चित्रांची पट्टी न्या : रांग, तिकीट, गाडी. एकेक टप्पा झाला की ते चित्र त्याच्या हाताने काढू द्या. किती वेळ थांबायचे हे डोळ्यांना दिसले की अशा मुलांचा जीव खूप शांत होतो. पहिल्या वेळी गर्दी नसलेला दिवस निवडा.

हात चावण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. काही न बोलता, रागावल्याचा भाव न दाखवता हात बाजूला करा, इजा होऊ देऊ नका, आणि आठवडाभर प्रत्येक वेळी आधी काय झाले व नंतर काय मिळाले हे लिहून ठेवा. दात, कान किंवा पोट दुखत नाही ना, बद्धकोष्ठ नाही ना, झोप पुरेशी होते ना, हे डॉक्टरांना विचारा; बोलता न येणाऱ्या मुलाच्या रागामागे अनेकदा दुखणे निघते. सासऱ्यांना माझा निरोप द्या की फटक्याने किंचाळणे त्या क्षणापुरते थांबते, पण काय करावे हे फटका शिकवत नाही, आणि अनेकदा मूल दुसऱ्या मुलांना मारू लागते.

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा असून त्याला स्वमग्नता आहे. घरात मराठी, शेजारी गुजराती आणि शाळेत इंग्रजी. शाळेने सांगितले की मूल गोंधळते, घरी फक्त इंग्रजी बोला. मला व माझ्या पत्नीला इंग्रजीत चार वाक्येही धड बोलता येत नाहीत. आम्ही नातवाशी बोलणेच सोडावे का?
— एक आजोबा, दांडिया बाजार

उत्तर : आजोबा, आपण बोलणे मुळीच सोडू नये. दोन भाषांच्या घरांतील स्वमग्न मुलांवर निरनिराळ्या देशांत अभ्यास झाले आहेत आणि दोन भाषांमुळे त्यांची भाषा एका भाषेच्या घरातील स्वमग्न मुलांपेक्षा मागे पडते असे त्यांत दिसलेले नाही. उलट, पालक ज्या भाषेत सहज नाहीत त्या भाषेत बोलू लागले की वाक्ये तुटक होतात, गाणी, लाड, चिडवणे सगळे संपते, आणि नेमके त्याच गोष्टींनी मूल माणसांकडे ओढले जाते. आपण त्याला मराठीतच ‘ये रे ये रे पावसा’ म्हणून दाखवा, शेवटचा शब्द न म्हणता थांबा आणि तो भरतो का पाहा.

एक व्यवस्था मात्र करावी. घरी रोज लागणारे पंधरा-वीस शब्द, ‘दे’, ‘नको’, ‘पुरे’, ‘शू’, ‘दुखतं’ असे, एका कागदावर लिहून शाळेला आणि थेरपिस्टला द्यावेत, म्हणजे नातवाने शाळेत ‘शू’ म्हटले तर ते कोणाच्या लक्षात आले नाही असे होणार नाही. त्याच्या कार्डांवर चित्राखाली मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहावे. शेजारच्या मुलांकडून गुजराती येईल तशी येऊ द्यावी. आपल्या शहरातली इतर मुले तीन भाषांत वाढतात. हा थोडा सावकाश वाढेल, एवढेच.

प्रश्न : स्वमग्नता असलेल्या भाच्यासाठी कोणी स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींचा, उपचार सुचवला आहे, कोणी गहू-दूध बंद करा म्हणते, आणि कोणी लसीमुळे हे झाले असे सांगते. काय खरे?
— एक मावशी, अलकापुरी

उत्तर : लसीचा संबंध नाही. १९९८ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांनी तशी शंका उभी करणारा निबंध प्रसिद्ध केला होता. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासातही गोवराच्या लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध आढळला नाही. राहिलेल्या लसी वेळेवर द्या. स्टेम सेलच्या वाटेला जाऊ नका. स्वमग्नतेसाठी तो उपचार म्हणून सुचवू नये असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळाने २०२२ मध्ये सांगितले आहे. अंगातले ‘जड धातू काढण्याचे’ चिलेशन तर जिवावर बेतू शकते. अमेरिकेत २००५ मध्ये त्यात एक पाच वर्षांचा मुलगा दगावला. गहू-दूध बंद केल्याने स्वमग्नता कमी होते याला पुरेसा आधार नाही, आणि ज्या मुलाला मुळातच चार पदार्थ आवडतात त्याचे दोन काढून घेतले तर तो अशक्त होतो. या तिन्हींवर जाणारा पैसा बोलणे शिकवणाऱ्या माणसावर खर्च करा.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ आता अठरा वर्षांचा आहे. लहानपणी तो आनंदात हात फडफडवायचा. एका केंद्रात दिवसभर त्याला ‘हात खाली, माझ्याकडे बघ’ एवढेच सांगत. तो हात खाली ठेवायला शिकला, पण आजही त्या रस्त्याने गेले की थरथरतो. तुमच्या सदरात वर्तन-उपचाराची शिफारस वाचते तेव्हा मला राग येतो.
— एक बहीण, अकोटा

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक आज हेच लिहून सांगत आहेत आणि या क्षेत्रातील प्रत्येकाने त्यांचे ऐकले पाहिजे. हात फडफडवण्याने कोणाचे काही बिघडत नाही. बहुतेक मुलांचा तो आनंद असतो किंवा स्वतःला सावरण्याचा उपाय असतो. तो काढून घेण्यात दिवस घालवणे म्हणजे मुलाचा वेळ इतरांच्या संकोचासाठी खर्च करणे. ‘डोळ्यांत बघ’ म्हणून हनुवटी धरणेही तसेच. नजर मिळवणे काही मुलांना खरोखर त्रासाचे होते, आणि ती न मिळवताही ते ऐकत असतात.

म्हणून उपचाराचे प्रत्येक उद्दिष्ट लिहिताना विचारले पाहिजे की हे साधल्याने मुलाला काय करता येईल. लघवीची जाणीव सांगता येणे, दात घासता येणे, रस्त्यावर हात न सोडणे, ‘मला नको’ म्हणता येणे यांची उत्तरे ताबडतोब मिळतात. ‘शांत बसणे’ याचे उत्तर बहुधा मोठ्यांच्या सोयीत मिळते. मूल सत्रासाठी दाराशी येताच रडू लागते, शरीर ताठ करते, हे त्याचे नकार देणेच आहे आणि तेव्हा सत्र थांबवून रीत बदलायची असते. मी शिफारस करते ती या अटीवर. आपल्या भावाला हात फडफडवण्याची मोकळीक आता घरात तरी निश्चित द्या. थरथर आणि भीती कमी होत नसेल तर स्वमग्न प्रौढांबरोबर काम केलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आघातानंतरच्या भीतीवर या वयातही उपचार होतात.

प्रश्न : माझ्या मुलीला अडीच वर्षांची असताना निदान झाले. तेव्हा ती एकही शब्द बोलत नसे. चार वर्षांच्या उपचारांनंतर आता ती पहिलीत आहे, छोटी वाक्ये बोलते, स्वतःचे कपडे घालते, मराठी आणि गुजराती दोन्ही वाचते. मात्र मैत्रिणी नाहीत आणि वेळापत्रक बदलले की रडते. उपचार आता बंद करावेत का? आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढले तर तिच्यावर शिक्का बसेल का?
— एक आई, गोत्री

उत्तर : तुमच्या मुलीने जे मिळवले आहे ते फार मोठे आहे, आणि त्यामागे तुमच्या घरातल्या सर्वांची चार वर्षे आहेत हे पत्रातून दिसते. एकदम बंद करू नका, उद्दिष्टे बदला. वाचन, कपडे ही कामे थेरपिस्टकडून काढून घरावर आणि शाळेवर सोपवा आणि राहिलेली सत्रे दोनच गोष्टींसाठी वापरा. एक, वर्गातल्या एकाच मुलीला घरी बोलावून, नियम ठरलेला एखादा खेळ, सापशिडी किंवा पत्ते, अर्धा तास खेळणे. चार मुलींचा घोळका तिला अजून जड जाईल. दुसरे, बदलाची सवय : रोजच्या चित्र-वेळापत्रकात आठवड्यातून एकदा प्रश्नचिन्हाचे कार्ड ठेवा आणि त्या जागी सुरुवातीला तिला आवडेल अशीच अनपेक्षित गोष्ट घडू द्या. पुढे त्या कार्डावर साधी, न आवडणारीही गोष्ट येऊ शकते, हे ती रडल्याशिवाय सोसू लागेल.

प्रमाणपत्र काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता येते. आयएसएए या ४० मुद्द्यांच्या भारतीय मूल्यमापनावरून अपंगत्वाचे प्रमाण ठरते आणि ४० टक्के किंवा अधिक भरल्यास बहुतेक सवलती लागू होतात : वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, परीक्षेत अधिक वेळ, आणि जुन्या करप्रणालीत राहिल्यास प्राप्तिकरात पालकांना ७५,००० रुपयांची वजावट. राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा काही खर्चही धरला जातो. प्रमाणपत्र शाळेला दाखवायचे की नाही हे तुमच्या हाती राहते.

सत्रे कमी करायची ती दिवाळीच्या सुटीत करू नका, कारण तेव्हा शाळा, झोप, पाहुणे सगळेच बदललेले असते आणि ती रडू लागली तर कशामुळे हे कळत नाही. शाळा पुन्हा सुरू होऊन महिना गेल्यावर आठवड्याला एक सत्र कमी करा, सहा आठवडे वर्गशिक्षिकेकडून आणि घरून नोंद घ्या, आणि ती नोंद समोर ठेवूनच दुसरे सत्र कमी करायचे का ते ठरवा.